कासिकियारेचे वाटाडे

संगम मराठी माणसाला नवा नाही. कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात. दोन नद्या भेटल्या की तिथे घाट बांधायचा, देऊळ उभारायचे, वर्षातून एकदा जत्रा भरवायची, ही जुनी रीत. पण एकच नदी वाहता वाहता दुभंगली, थोडे पाणी परक्या खोऱ्यात निघून गेले आणि उरलेले आपल्या वाटेने चालू लागले, तर त्या जागेला काय म्हणायचे? चटकन शब्द सुचत नाही, कारण असा प्रकार सहसा कुणाच्या पाहण्यात येत नाही.

दक्षिण व्हेनेझुएलाच्या घनदाट पर्जन्यवनात हा प्रकार रोज घडतो. डोंगरातून उतरून पश्चिमेकडे निघालेली ओरिनोको नदी तामातामा नावाच्या वस्तीपाशी येते आणि तिच्या डाव्या काठाला एक फाटा फुटतो. हा फाटा म्हणजे कासिकियारे. तो नैऋत्येला सव्वातीनशे किलोमीटरहून अधिक अंतर जंगलातून वळणे घेत जातो, ग्वाइनिया नदीला मिळतो, आणि तिथून पुढे त्या पाण्याचे नाव होते रिओ नेग्रो. रिओ नेग्रो मानाउसपाशी अ‍ॅमेझॉनमध्ये रिकामी होते. म्हणजे ओरिनोकोचे काही पाणी स्वतःच्या मुखाकडे न जाता अ‍ॅमेझॉनमार्गे समुद्राला मिळते. दोन अवाढव्य खोरी एका पाण्याने शिवली गेली आहेत. हा कालवा कुणी खोदलेला नाही.

जमीन इतकी सपाट की दोन खोऱ्यांमधला जलविभाजक नावापुरताच उरला आहे. सह्याद्रीच्या धारेवर पावसाचा थेंब पूर्वेला जाणार की पश्चिमेला, हे डोंगर ठरवतो. इथे ठरवायला डोंगरच नाही. भूशास्त्रज्ञांच्या मते अ‍ॅमेझॉनचे खोरे वरच्या ओरिनोकोला हळूहळू आपल्याकडे ओढून घेत आहे आणि कासिकियारे ही त्या चोरीची अर्धवट राहिलेली खूण आहे. ओरिनोकोपासून निघताना हा फाटा साधारण ९० मीटर रुंद असतो. वाटेत त्याला सिआपा, पासिमोनी अशा नद्या मिळत जातात आणि ग्वाइनियाशी गाठ पडेपर्यंत तो अर्धा किलोमीटर रुंद होतो.

हा जलमार्ग कुणी शोधला, असा प्रश्न विचारला की पुस्तके एक ठरलेले नाव सांगतात. त्या नावाच्या माणसाने स्वतः मात्र असा दावा केला नव्हता. कासिकियारेचा लेखी इतिहास नीट वाचला तर तो शोधांचा इतिहास वाटतच नाही. तो प्रवाशांचा इतिहास आहे. जो कुणी इथे आला त्याला कुणीतरी होडीत बसवून आणले, आणि आणणाऱ्याला ती वाट आधीपासून ठाऊक होती.

पहिली नोंद ऐकीव माहितीची. १६३९ मध्ये क्रिस्तोबाल दे आकुन्या हा स्पॅनिश जेझुइट पाद्री अ‍ॅमेझॉनमधून खाली आला. रिओ नेग्रोच्या लोकांनी वरच्या अंगाला दुसऱ्या मोठ्या नदीत नेणारा जोडमार्ग असल्याचे सांगितले, ते त्याने टिपून ठेवले आणि १६४१ मध्ये माद्रिदला छापले. युरोपातल्या विद्वानांनी ते वाचले. काहींनी मानले, काहींनी नाही. मानणाऱ्यांपाशी पुरावा नव्हता आणि न मानणाऱ्यांपाशी तर्क होता. तर्क असा, की नद्या एकत्र येतात, त्यांना असे फाटे फुटत नाहीत. १७४१ मध्ये होसे गुमिया या पाद्र्याने ओरिनोकोवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याने त्या नदीकाठी वर्षानुवर्षे काढली होती. जोडमार्ग वगैरे काही नाही, असे त्याने ठामपणे लिहून टाकले.

तीनच वर्षांत त्याच्याच पंथाच्या माणसाने ते खोटे ठरवले. मानुएल रोमान हा ओरिनोकोवरच्या मिशनांचा प्रमुख. पोर्तुगीज वरच्या ओरिनोकोत घुसखोरी करतात अशी कुणकुण त्याला लागली होती, म्हणून १७४४ च्या फेब्रुवारीत तो नदी चढत निघाला. ग्वाविआरे नदीच्या मुखाच्या आसपास समोरून एक होडी आली. होडीत गोरे लोक होते. ते रिओ नेग्रोवरून आलेले पोर्तुगीज होते आणि त्यांचा धंदा होता माणसे पकडून विकण्याचा. रोमानने त्यांना विचारले, तुम्ही आलात कुठून? त्यांनी सांगितले, पाण्यानेच आलो. मग त्यांनी त्यालाच होडीत घेतले आणि कासिकियारेतून रिओ नेग्रोवरच्या आपल्या तळावर नेले. ऑक्टोबरात तो त्याच वाटेने परतला.

म्हणजे युरोपने एका शतकाहून अधिक काळ ज्यावर वाद घातला ती वाट गुलामांच्या व्यापाऱ्यांची रोजची ये-जा होती. आणि त्या व्यापाऱ्यांना तरी ती कुणी दाखवली? काठावर राहणाऱ्यांनी, ज्यांच्यातली माणसे पुढे त्याच होड्यांत कोंबली गेली. या प्रदेशाच्या इतिहासातले हे सर्वांत कडू पान आहे. मार्गदर्शकाला त्याच्या ज्ञानाची किंमत अशी चुकवावी लागली.

रोमानच्या फेरीची बातमी अ‍ॅमेझॉनवरून परतलेल्या ला कोंदामीन या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या कानी आली आणि त्याने १७४५ मध्ये ती पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडली. पुढे स्पेन आणि पोर्तुगालमधली सरहद्द आखण्यासाठी स्पॅनिश आयोग आला. त्याच्या माणसांनी १७५० च्या दशकाअखेर हा सगळा पट्टा पालथा घातला, एस्मेराल्दा आणि सान कार्लोस ही ठाणी वसवली. इतके झाल्यावर प्रश्न मिटायला हवा होता. मिटला नाही. १७९८ मध्ये बुआश या नामवंत फ्रेंच भूगोलतज्ज्ञाने नकाशा प्रसिद्ध केला आणि ओरिनोको-अ‍ॅमेझॉन जोडमार्ग ही भूगोलातली घोडचूक असल्याचे जाहीर केले. दोन नद्यांमध्ये त्याने सरळ एक डोंगररांग काढून दिली. पॅरिसमध्ये बसून डोंगर उभा करणे सोपे असते.

मग आला ते ठरलेले नाव धारण करणारा माणूस. अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट तेव्हा ३० वर्षांचा होता आणि त्याचा जोडीदार, फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ एमे बाँप्लाँ २६ वर्षांचा. ३० मार्च १८०० रोजी ते सान फेर्नान्दो दे आपुरे इथून निघाले. आपुरे नदीने उतरून ओरिनोकोत आणि मग ओरिनोको चढत दक्षिणेला. वाटेत मोठी होडी सोडून त्यांना एकाच झाडाच्या खोडाची, कुऱ्हाडीने आणि आगीने कोरलेली डोण घ्यावी लागली. लांबी ४० फूट, रुंदी जेमतेम ३ फूट. मागच्या टोकाला फांद्यांचा माचा आणि त्यावर पानांचे छप्पर. ते इतके ठेंगणे की आत आडवे पडायचे किंवा कंबरेत वाकून बसायचे. पाय बाहेर राहत, पाऊस आला की भिजत. पुढे दोघादोघांच्या जोडीने वल्हेकरी बसत. त्यांची वल्ही तीन फूट लांबीची, अंगावर कपडा नाही, आणि वल्ह्यांच्या ठेक्यावर एक उदास, एकसुरी गाणे. या होडीत दुर्बिणी, सेक्स्टंट, होकायंत्रे, वाळत घातलेल्या वनस्पतींचे गठ्ठे, शिवाय प्रवासाअखेर आठ माकडे, सात पोपट, एक टूकन, एक मकाव. बरोबर आलेले पाद्री बेर्नार्दो सेया दर मुक्कामाला वाढणाऱ्या या प्राणिसंग्रहाबद्दल हळू आवाजात कुरकुरत. त्यांची चूक म्हणता येत नाही.

वाटाड्यांचे काय? हम्बोल्टने आपल्या प्रवासवर्णनात एक प्रसंग आडपडदा न ठेवता लिहिला आहे. पुढच्या प्रवासासाठी दुभाषा हवा होता. सेरेपे नावाच्या तरुणाला अनेक भाषा येत होत्या, कारण तो मिशन सोडून काही वर्षे जंगलात राहून आला होता. त्याने यायला नकार दिला. पाद्र्याने त्याला खोड्यात अडकवले आणि मानाटी या पाणगाईच्या कातड्याच्या चाबकाने मारायला सुरुवात केली. पाहुण्यांनी रदबदली करून मोठ्या मुश्किलीने त्याची सुटका करवली. असे केले नाही तर तुम्हाला कुणीच मिळणार नाही, असे पाद्र्याचे म्हणणे पडले. सेरेपे मग आला आणि फार उपयोगी पडला. जगाला कासिकियारेची खात्री पटवून देणाऱ्या प्रवासाची सुरुवात अशी, एका नाखूश वाटाड्याच्या पाठीवरच्या वळांनी झाली.

ओरिनोकोवर आतुरेस आणि मायपुरेस इथे नदी खडकांच्या पायऱ्यांवरून फेसाळत कोसळते. तिथे होड्या हाकायचे काम स्थानिक तांडेलांचे. कुठला खळाळ डावीकडून घ्यायचा, कुठे सगळे उतरून दोर धरायचे, हे तेच सांगत. पुढे आताबापो आणि तेमी नद्यांतून यावितापर्यंत गेल्यावर पाणी संपले. तिथून जमिनीवरून पिमिचिन ओढ्यापर्यंत होडी न्यायची होती, म्हणजे पलीकडे रिओ नेग्रोचे पाणी मिळणार. २३ जणांनी फांद्यांच्या ओंडक्यांवरून ती डोण चार दिवस ओढत नेली. शास्त्रज्ञ मंडळी त्या दिवसांत झाडपाला गोळा करत होती.

या भागातल्या नद्यांचे दोन रंग आहेत आणि प्रवाशाचे सुखदुःख त्या रंगावर ठरते. आताबापो, रिओ नेग्रो या काळ्या पाण्याच्या नद्या. वाळूतून आणि कुजलेल्या पाल्यातून झिरपलेले त्यांचे पाणी कोऱ्या चहासारखे दिसते. पेल्यात घेतले तर स्वच्छ सोनेरी. या पाण्यावर डास जवळजवळ नाहीत, पण मासेही कमी. ओरिनोको आणि कासिकियारेचे पाणी पांढुरके, गढूळ. तिथे डासांचे राज्य. हम्बोल्टने त्यांच्या पाळ्याच लिहून ठेवल्या आहेत. दिवसा एक जात, संध्याकाळी थोडा वेळ दुसरी, रात्री तिसरी, आणि पाळी बदलताना काही मिनिटांची उसंत. ओरिनोकोवर सकाळी दोघे भेटले की ख्यालीखुशाली डासांवरून सुरू होई. रात्रीचे कसे होते, आज दिवसाचे कसे आहेत. कासिकियारेवरच्या मांदावाका मिशनात एक म्हातारा पाद्री भेटला. आपली इथली २० वर्षे तो डासांची २० वर्षे म्हणून मोजत होता. त्याच्या पायांवर डागांना जागा उरली नव्हती.

१० मे १८०० रोजी डोण कासिकियारेत शिरली. प्रवाह उलटा, त्यामुळे वल्हेकऱ्यांचा कस लागला. वरच्या अंगाला जंगल इतके दाट झाले की रात्री उतरायला जागा मिळेना. काठावर वेलींची भिंत, ती कुऱ्हाडीने फोडून मुक्कामापुरती मोकळी जागा करायची. चहूकडे लाकूड, पण ओले. पेट घ्यायचे नाव नाही. खायला मुंग्या. मोठ्या मुंग्यांची चरबीदार पोटे धुरावर वाळवून कसाव्याच्या पिठात मळायची, ही तिथली मेजवानी. पाद्री सेया तिची तोंडभरून स्तुती करत. हम्बोल्टला मात्र ते खवट लोण्यात पाव कुस्करल्यासारखे लागले.

या कसाव्याशी मराठी स्वयंपाकघराची जुनी ओळख आहे. दक्षिण अमेरिकेतला हा कंद पोर्तुगीजांबरोबर भारतात आला आणि आज एकादशीच्या खिचडीतला साबुदाणा त्याच्याच पिठापासून होतो. कासिकियारेकाठी त्यातले विष पिळून काढून भाकरी थापत. इकडे तो उपासाला चालतो.

काठावर माणसे फारच थोडी उरली होती. इतक्या लांबीच्या नदीवर हम्बोल्टच्या अंदाजाने दोनशेही रहिवासी नव्हते. शंभर वर्षांच्या गुलामधाडींनी आणि मिशनांनी काठ ओस पाडला होता. शेवटच्या मुक्कामाच्या रात्री जग्वारने त्यांचा कुत्रा उचलून नेला. हा थोराड कुत्रा सारा प्रवास बरोबर होता. सकाळी हाका मारल्या, शोधले, पुन्हा परत येऊन शोधले. २१ मे रोजी होडी कासिकियारेतून बाहेर पडून ओरिनोकोच्या पाण्यात आली. नकाशावरचा बुआशचा डोंगर त्या दिवशी पुसला गेला.

हम्बोल्टचे श्रेय नेमके कशात आहे, हेही सांगायला हवे. वाट त्याने शोधली नाही. त्याने ती मोजली. रात्री ढगांतून तारे डोकावले की सेक्स्टंट काढून तो अक्षांश-रेखांश टिपत असे. सान कार्लोस कुठे, एस्मेराल्दा कुठे, हे आकड्यांत बसवले. वाटाड्याच्या तोंडी असलेली गोष्ट पॅरिस मान्य करत नव्हते. आकडे मान्य करावेच लागले.

फाट्याच्या थोड्या वर असलेल्या एस्मेराल्दात त्याला एक वेगळाच जाणकार भेटला. कुरारे हे बाणांना लावायचे विष बनवणारा म्हातारा. वेलीची साल कुटायची, केळीच्या पानाच्या गाळणीतून थंड पाण्याने रस काढायचा, तो मंद आचेवर आटवायचा, दाटपणासाठी दुसऱ्या झाडाचा चिकट रस घालायचा. सगळे माप जिभेवर. रक्तात मिसळला नाही तर रस निरुपद्रवी, म्हणून चाखून पाहायला हरकत नव्हती. हम्बोल्टनेही चाखला. कडू होता. गोऱ्यांच्या बंदुकीपेक्षा आपले विष बरे, ते आवाज न करता मारते, असा त्या म्हाताऱ्याचा दावा होता. १९४२ मध्ये माँट्रियलच्या डॉक्टरांनी कुरारेपासून बनवलेले औषध शस्त्रक्रियेत स्नायू सैल करण्यासाठी वापरले आणि भूलशास्त्राचा नवा अध्याय सुरू झाला. त्या अध्यायात म्हाताऱ्याचे नाव नाही.

पुढची शंभर वर्षे भराभर सांगता येतील. १८३९ मध्ये रॉबर्ट शोम्बुर्क गयानाकडून येऊन कासिकियारेतून उतरला. १८५३ मध्ये रिचर्ड स्प्रूस हा यॉर्कशरचा वनस्पतिशास्त्रज्ञ ती चढून एस्मेराल्दाला पोहोचला. तोवर ते गाव मोडकळीला आले होते. याच स्प्रूसने १८६० मध्ये इक्वेडोरमध्ये तांबड्या सालीच्या सिंकोनाचे बी आणि रोपे जमवली. ती निलगिरीत आली आणि हिंदुस्थानातल्या हिवतापाच्या रोग्यांना क्विनीन मिळण्याची सोय झाली. कासिकियारेच्या डासांनी फोडून काढलेल्या माणसाच्या हातून हे व्हावे, हा योगायोग गमतीचा आहे.

त्या काळात या नद्यांवर होड्या बांधण्याचा आणि चिकिचिकी ताडाच्या काथ्यापासून दोर वळण्याचा धंदा चालत असे. हा दोर पाण्यात कुजत नाही. मग रबर आले आणि पुन्हा माणसांची शिकार सुरू झाली. ८ मे १९१३ रोजी तोमास फुनेस या रबर व्यापाऱ्याने सान फेर्नान्दो दे आताबापोमध्ये गव्हर्नरला ठार केले आणि आठ वर्षे हा प्रदेश दहशतीखाली ठेवला. रबराचा चीक काढायला स्थानिकांना जुंपले जाई. पळून गेले ते जंगलात खोल गेले. ३० जानेवारी १९२१ रोजी बंडखोरांनी फुनेसला त्याच गावात गोळ्या घातल्या.

मोठी स्वप्नेही या पाण्यावर अनेकांनी पाहिली. हम्बोल्टला इथून युरोपशी व्यापार चालेल असे वाटत होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी ओरिनोको, कासिकियारे आणि रिओ नेग्रो यांचा जलमार्ग म्हणून अभ्यास केला, पण बोटींची रांग काही लागली नाही. १९६८ मध्ये मानाउसहून त्रिनिदादपर्यंत एक हॉवरक्राफ्ट याच वाटेने गेले आणि त्याची इंग्लंडात बरीच वाहवा झाली. कासिकियारे जशी होती तशीच राहिली. १९९१ मध्ये व्हेनेझुएलाने हा सारा पट्टा ओरिनोकोच्या उगमापर्यंत संरक्षित जीवावरण क्षेत्र म्हणून जाहीर केला. वरच्या भागात यानोमामी आणि येक्वाना लोकांची वस्ती आहे. अलीकडच्या काळात त्यांच्या जंगलात सोन्याच्या बेकायदा खाणींची घुसखोरी वाढली आहे.

वाट अडवणारे खळाळ आता रस्त्याने टाळता येतात. १९२४ मध्ये वसलेल्या पुएर्तो आयाकुचोपासून मोटारीने आतुरेस आणि मायपुरेसच्या वर जायचे आणि तिथून होडी धरायची. होडीला तिथे बोंगो म्हणतात. तिच्या मागच्या टोकाला आता इंजिन आहे, पुढे वल्हेकऱ्यांच्या जागी पेट्रोलची पिंपे असतात. पण नाळेवर अजून एक माणूस उभा किंवा बसलेला असतो. पाण्याच्या रंगावरून, त्यावरच्या सुरकुतीवरून खाली खडक आहे की वाळू, हे तो ओळखतो आणि हाताच्या खुणेने सुकाण्यावरच्याला सांगतो. नकाशात हे कुठेच लिहिलेले नसते, आणि पावसाळा-उन्हाळ्यात नदीची पातळी बदलली की कालची खूण आज चालत नाही.

तामातामाच्या फाट्यापाशी पाहण्यासारखे फारसे नाही. जंगल, रुंद पाणी, डाव्या हाताला काठ किंचित मागे सरलेला. उजव्या अंगाने गेले तर ओरिनोकोच्या त्रिभुज प्रदेशातून होडी त्रिनिदादसमोर समुद्राला लागते. डावीकडे वळवली तर रिओ नेग्रोतून मानाउस, आणि तिथून अ‍ॅमेझॉनने बेलेमच्या बाजूला. सुकाण्यावरचा माणूस कोणत्या बाजूला हात वळवतो, एवढाच फरक.